वरची पापणी दोन तृतीयांश काढावी लागली तर ती परत कशी बांधतात

परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून मुलाने आईसाठी विचारलेला हा प्रश्न. आई ५८ वर्षांची. डाव्या वरच्या पापणीवर दीड वर्षापासून गाठ आहे. रांजणवाडी समजून दोनदा चिरा देऊन साफ केली, दोन्ही वेळा तिथेच परत आली आणि तेवढ्या जागेचे केसही झडले. तिसऱ्या वेळी तुकडा तपासायला पाठवला. महालक्ष्म्यांच्या आठवड्यात रिपोर्ट आला: सिबेशियस ग्लँड कार्सिनोमा, म्हणजे पापणीतल्या तेलग्रंथीचा कर्करोग. डॉक्टर म्हणतात की पापणीचा दोन तृतीयांश भाग जाईल, खालच्या पापणीतून भाग घेऊन नवी बांधू आणि डोळा सहा ते आठ आठवडे बंद राहील. मुलाला कळेना की चांगली असलेली खालची पापणी का कापायची, मांडीची कातडी लावून का भागत नाही, आणि नजर तर जाणार नाही ना. शिवाय दसऱ्यानंतर घरची माणसं कोयता घेऊन कारखान्यावर जाणार, म्हणून ऑपरेशन उन्हाळ्यात केलं तर चालेल का? आणि इथेच करावं की मुंबई गाठावी?

उन्हाळ्याचं आधी सांगतो. थांबू नका. हा कर्करोग हळू वाढतो असं वाटतं, पण तो वाढतो तेवढाच पसरतोही. पापणीच्या आतल्या बाजूच्या नाजूक आवरणातून तो गाठीपासून लांबपर्यंत पातळ थरासारखा सरकतो, तिथे डोळ्याला फक्त थोडी लाली दिसते. पुढे कानासमोरच्या आणि जबड्याखालच्या लसिकाग्रंथींत उतरतो. आज पापणीपुरतं असलेलं ऑपरेशन सहा महिन्यांनी मानेपर्यंत जाऊ शकतं, आणि डोळ्याच्या खोबणीत शिरला तर अख्खा डोळा काढण्याची वेळ येते. रिपोर्ट आल्यापासून दोन-चार आठवड्यांच्या आत आईचं ऑपरेशन झालं पाहिजे. त्याआधी कानासमोर आणि जबड्याखाली हाताने नीट तपासणी आणि मानेची सोनोग्राफी झालीच पाहिजे. ग्रंथी मोठी दिसली तर सुईने पेशी काढून तपासतात.

दोनदा साफ करूनही कुणाला संशय का आला नाही, हा राग मनात असेल तर तो समजण्यासारखा आहे. पापणीच्या कडेला तेल सोडणाऱ्या मायबोमियन ग्रंथी असतात. तोंड बंद होऊन त्यांच्यात तेल साठलं की साधी गाठ होते, आणि हा कर्करोगही त्याच ग्रंथींतून उगवतो. वरच्या पापणीत या ग्रंथी जास्त, म्हणून तो तिथेच जास्त दिसतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पाश्चात्त्य देशांत पापणीचे बहुतेक कर्करोग बेसल सेल नावाच्या, कातडीतून उगवणाऱ्या जातीचे असतात. आपल्याकडे मात्र या तेलग्रंथीच्या कर्करोगाचं प्रमाण बेसल सेलच्या बरोबरीने असतं, त्यामुळे परदेशी पुस्तकाच्या हिशेबाने इथे निर्धास्त राहता येत नाही. चाळिशीनंतर त्याच जागी पुन्हा आलेली रांजणवाडी, केस झडलेली कड किंवा औषधाला न जुमानणारी एकाच डोळ्याची लाली असेल, तर खरवडून निघालेला माल कचऱ्यात टाकायचा नाही, फॉर्मेलिनच्या बाटलीत घालून तपासायला पाठवायचा. बाटली आणि तपासणीचा खर्च पुढच्या ऑपरेशनाच्या मानाने काहीच नाही. आणि गाठीवर चुना, बिबा, घासलेली लवंग यांतलं काहीही लावू नये. बिब्याने भाजलेल्या कातडीवर कड कुठे संपते तेच कळत नाही.

आता दोन तृतीयांश कशी जाते ते पाहू. गाठ दिसायला हरभऱ्याएवढी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. या जातीत दिसणाऱ्या कडेपासून दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर चांगली वाटणारी पापणी सोबत काढावी लागते. झाले १९ ते २१. सगळ्या पापणीची आडवी लांबी जेमतेम ३० मिलिमीटर. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेला आकडा हिशेबात बरोबर आहे. बेसल सेल असता तर तीन-चार मिलिमीटर कड पुरली असती.

इथे एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून विचारा: काढलेल्या भागाची कड स्वच्छ आहे हे कळल्यानंतर बांधणार की कळायच्या आधी? माझं मत पक्कं आहे, आधी कड, मग बांधणी. कडेला रोग शिल्लक असताना वर सुंदर पापणी बांधली तर रोग नव्या पापणीखाली झाकला जातो. तो परत दिसेपर्यंत वर्ष जातं, आणि तोवर बांधायला लागणारा आसपासचा चांगला भाग एकदा वापरून झालेला असतो. ऑपरेशन चालू असतानाच गोठवून तपासण्याची पद्धत आहे, तिला फ्रोजन सेक्शन म्हणतात. बेसल सेलमध्ये ती चांगली चालते. तेलग्रंथीच्या कर्करोगाचा पातळ पसरलेला थर मात्र फ्रोजनमध्ये निसटू शकतो, मेणात बसवलेल्या नेहमीच्या स्लाइडवर तो जास्त भरवशाने दिसतो. म्हणून अनेक ठिकाणी पहिल्या दिवशी गाठ काढतात, कडेचे तुकडे दिशा लिहून पाठवतात आणि तातडीचा रिपोर्ट आल्यावर दोन ते चार दिवसांनी बांधतात. त्याच वेळी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून आणि दोन्ही पापण्यांच्या आतून ठिकठिकाणचे बारीक तुकडेही घेतात, म्हणजे पसरलेल्या थराचा नकाशा मिळतो. दूरवरच्या तुकड्यात रोग निघाला तर ती जागा गोठवून जाळण्याचा किंवा मायटोमायसिन या कर्करोगाच्या औषधाच्या थेंबांचा उपचार जोडावा लागतो.

मधल्या त्या दोन-चार दिवसांत बुबुळ उघडं पडता कामा नये. वरची पापणी नसली तर काही तासांत बुबुळ कोरडं पडून त्यावर चरा पडतो. जाड मलम दर दोन तासांनी, वर पारदर्शक प्लास्टिकचं झाकण आणि कडेने चिकटपट्टी, किंवा खालची पापणी तात्पुरत्या टाक्याने वर ओढून ठेवणं, यांपैकी काहीतरी हवंच. नुसती कापसाची पट्टी ठेवली तर कापूस बुबुळावर घासतो, आणि रात्री पट्टी सरकली तर सकाळपर्यंत जखम होते.

मांडीच्या कातडीचं उत्तर द्यायला पापणी कशाची बनली आहे ते सांगावं लागेल. पापणीला दोन पदर. बाहेरच्या पदरात कातडी, अंगावरची सगळ्यात पातळ, आणि तिच्याखाली डोळा मिटणारा स्नायू. आतल्या पदरात टार्सस नावाची एक मिलिमीटर जाडीची ताठ पट्टी आणि तिला चिकटलेलं ओलं, गुळगुळीत आवरण. ही पट्टी वरच्या पापणीत मधोमध दहा मिलिमीटर उंच असते, खालच्या पापणीत जेमतेम चार. वरच्या पट्टीला वरून एक पातळ पडदा येऊन मिळतो, तोच पापणी उचलतो. दर काही सेकंदांनी ती बुबुळावरून फिरते आणि अश्रूंचा थर सारवते. मांडीची कातडी जाड, कोरडी, आत केस आणि खपल्या. ती बुबुळावर घासली तर आठवड्यात बुबुळ पांढरं होईल. म्हणून आतला पदर ओल्या आवरणाचाच हवा, त्याला आधार देणारं काहीतरी ताठ हवं, आणि वर पातळ कातडी हवी. तीही बहुतेक वेळा कानामागची किंवा दुसऱ्या डोळ्याच्या पापणीवरची सैल कातडी घेतात.

दुसरी अडचण रक्ताची. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सहज कळेल. मोसंबीला डोळा भरतात तेव्हा आणलेला डोळा स्वतःचं काही सोबत आणत नाही, खुंटाच्या रसावर जगतो. सुट्या कातडीचा तुकडा तसाच, म्हणजे ग्राफ्ट. तो जगायला त्याच्याखाली जिवंत, रक्त असलेली जमीन लागते. दोन्ही पदर सुट्या तुकड्यांचे लावले तर एकमेकांच्या तोंडाकडे बघत दोघेही मरतात. म्हणून नियम असा की दोन पदरांपैकी एक तरी आपल्या मुळाशी जोडलेला असला पाहिजे. जोडलेला असा भाग म्हणजे फ्लॅप, आणि तो आंब्याच्या भेटकलमासारखा. भेटकलमात फांदी मातृवृक्षाला लागलेलीच ठेवून रोपाशी बांधतात, जोड एकजीव झाला की मगच तोडतात. खालच्या पापणीतला भाग वर शिवून सहा ते आठ आठवडे ठेवायचा तो याचसाठी. तेवढ्या काळात वरच्या कडांतून नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात. दोन-तीन आठवड्यांत घाईने तोडलं तर कड काळी पडण्याचा आणि नवी पापणी आकसण्याचा धोका राहतो.

किती भाग गेला यावर पद्धत ठरते. पाव भाग गेला तर दोन्ही कडा सरळ ओढून शिवतात, वय झालेल्या सैल पापणीत तिसरा हिस्साही असा जुळतो. बाहेरच्या कोपऱ्यातला एक बंध सोडवला की आणखी चार-पाच मिलिमीटर मिळतात. अर्ध्यापर्यंत गेलं तर कानशिलाकडची कातडी अर्धवर्तुळात कापून आत फिरवतात. त्यापुढे दुसऱ्या पापणीची मदत लागते. आईचं प्रकरण इथे येतं.

खालच्या पापणीतून वर भाग आणण्याची पद्धत कटलर आणि बिअर्ड या दोघांनी १९५५ मध्ये मांडली, आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. आधी वरच्या मोकळ्या जागेच्या दोन्ही कडा चिमट्याने हलक्या ओढून मापतात. न ओढता मापलं तर लागतो त्यापेक्षा मोठा भाग खालून कापला जातो. डोळ्यावर प्लास्टिकची वाटी बसवतात, बुबुळ सुरक्षित राहावं म्हणून. मग खालच्या पापणीच्या कडेपासून चार-पाच मिलिमीटर खाली आडवा, आरपार छेद. हे अंतर महत्त्वाचं. पापणीच्या कडेला समांतर एक बारीक धमनी धावते, छेद वर सरकला तर ती तुटते आणि खालच्या पापणीची कड, जी आता नुसती पुलासारखी अधांतरी राहणार असते, ती वाळून जाते. आडव्या छेदाच्या दोन टोकांपासून दोन उभे छेद खाली नेले की कातडी, स्नायू आणि आतलं ओलं आवरण मिळून एक चौकोनी भाग सुटा होतो, खालून मात्र जोडलेला. तो पुलाच्या मागून वर सरकवतात.

इतक्या खालून आलेल्या भागात ताठ पट्टी नसते, कारण खालची पट्टी चार मिलिमीटरच उंच आणि ती पुलातच राहते. नुसता मऊ भाग शिवला तर पुढे नव्या पापणीची कड आत वळते. म्हणून आतलं आवरण आणि बाहेरचा पदर वेगळे करून मधे कानाची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, बसवतात, एक मिलिमीटरपर्यंत तासून. आतलं आवरण आवरणाला ६-० जाडीच्या, बारीक विरघळणाऱ्या दोऱ्याने शिवायचं, गाठी बाहेरच्या बाजूला. गाठ आत राहिली तर पुढचे तीन आठवडे ती बुबुळावर खडा घासल्यासारखी घासते, आणि डोळा बंद असल्याने आत काय चाललंय ते दिसतही नाही. कूर्चेची दोन टोकं उरलेल्या टार्ससला शिवतात. पापणी उचलणाऱ्या पडद्याचं तुटलेलं टोक शोधून कूर्चेच्या वरच्या कडेला जोडतात. हे राहून गेलं तर पापणी सुंदर दिसेल पण उचलली जाणार नाही. शेवटी कातडी. पुलावर दाबपट्टी बांधायची नाही, त्याचं रक्त आधीच बेताचं असतं. सगळं मिळून दोन-अडीच तास. भूल इंजेक्शनची, सोबत गुंगी, किंवा पूर्ण.

दुसरा टप्पा सोपा. जागेवर भूल देऊन अर्धा-पाऊण तास. मागे चपटी सळी सरकवून तिच्यावर कात्री चालवतात. कापायची जागा जिथे कड हवी तिच्या एक-दोन मिलिमीटर खाली धरतात, कारण तोडल्यावर भाग वर आकसतो. आतलं आवरण कातडीपेक्षा थोडं लांब ठेवून कडेवरून पुढे दुमडतात, म्हणजे बुबुळाला लागेल ते ओलं आवरण, बारीक लव असलेली कातडी नाही. या एका मिलिमीटरवर पुढची कितीतरी वर्षं अवलंबून असतात. खाली उरलेला भाग परत जागेवर ठेवून पुलाची कड ताजी करून शिवतात. खालची पापणी म्हणजे कायमची दिलेली नसते, बरीचशी परत मिळते.

नजरेचं. या ऑपरेशनात डोळ्याच्या गोळ्याला हात लागत नाही, त्यामुळे मागची नजर तशीच राहते. बंद पापणीतून उजेड कळत राहतो. पण ऑपरेशनाच्या आधी आईच्या उजव्या डोळ्याची नजर मोजून कागदावर लिहा. आपल्या भागात साठीच्या आसपास दुसऱ्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू सहज सापडतो. तसं निघालं तर दोन महिने आई आंधळ्यासारखी होईल, चुलीपाशी, विहिरीपाशी, अंगणातल्या दगडावर पडण्याची भीती. एकच चांगला डोळा असेल तर ही पद्धत मी सुचवणार नाही.

तेव्हा आणि ऊसतोडीच्या अडचणीतही एका टप्प्याचा पर्याय बोलून घ्यावा. उजव्या वरच्या पापणीच्या आतून टार्सस आणि आवरणाचा सुटा तुकडा घेतात, कडेकडची चार मिलिमीटर पट्टी तिथेच ठेवून. ती चार मिलिमीटर सोडली नाहीत तर चांगल्या पापणीलाही वाक येतो. तुकडा डाव्या पापणीत बसवतात आणि त्याच्यावर डाव्या बाजूची सैल कातडी स्नायूसकट खाली सरकवतात. आत सुटा तुकडा, वर जिवंत फ्लॅप, रक्ताचा नियम पाळला जातो. घेतलेली जागा टाके न घालता भरते. डोळा पहिल्या आठवड्यापासून उघडा. वजाबाकी अशी की दुसऱ्या, चांगल्या पापणीला हात लागतो, आणि वर कातडी पुरेशी सैल शिल्लक हवी. कडेसोबत वरची कातडीही बरीच गेली असेल तर हे जमत नाही. तुमच्या डॉक्टरांनी दोन टप्प्यांचं का सुचवलं, तिथे त्यांनी काहीतरी पाहिलं असेल, तेच कारण विचारा.

दोन टप्पे ठरले तर हिशेब असा पडतो: पहिलं आता, दुसरं दिवाळीच्या आगेमागे. मुकादमाची उचल घेतली असेल तर टोळी निघण्याआधीच सांगा की घरातलं एक माणूस मागे राहील किंवा त्या तारखेला परत येईल. दुसरा टप्पा महिना-दोन महिने पुढे गेला तर नवी पापणी मरत नाही, उलट रक्त आणखी पक्कं होतं. पण खालची पापणी ताणली जाते, बंद डोळ्यातल्या बुबुळाची तपासणी होत नाही आणि रोग परत आला तर तो दिसत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, डोळा शिवलेला ठेवणं मला मान्य नाही.

आता काय बिघडू शकतं. पहिल्या ४८ तासांत डोळ्यामागे रक्त साठणं सगळ्यात घातक. अचानक वाढत जाणारी कळ, पापणी दगडासारखी घट्ट, उलटी, बंद पापणीतून कळणारा उजेड कमी होणं. यात सकाळची वाट पाहायची नाही, टाके सोडून रक्ताला वाट द्यावी लागते आणि तेही लगेच. म्हणून गाव ते हॉस्पिटल चार-पाच तासांचा रस्ता असेल तर पहिले तीन दिवस शहरातच राहा. एकोस्प्रिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर आधी सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरतं. साखर आधी आटोक्यात हवी.

पहिल्या आठवड्यात फ्लॅप निळसर दिसला तर घाबरू नका, काळा आणि थंड पडला तर दाखवा. त्यावर बर्फ ठेवू नका, रक्तवाहिन्या आकसतात. तंबाखू आणि मिश्री दोन्ही आजपासून बंद, दुसरा टप्पा होऊन महिना जाईपर्यंत. निकोटिन नेमक्या त्याच बारीक वाहिन्या आवळतं ज्यांच्या भरवशावर हे सगळं उभं आहे. बिडी सोडली आणि मिश्री चालू ठेवली तर काही उपयोग नाही.

नंतरच्या महिन्यांत जास्त दिसणारे दोष म्हणजे नवी कड आत वळून टोचणं, कडेला खाच पडणं, पापणी वर ओढली जाऊन डोळा झोपेत अर्धवट उघडा राहणं, आणि खालची पापणी खाली लोंबणं. टोचणं आणि उघडं राहणं यांत बुबुळाला धोका, ते लगेच दुरुस्त करायचे. खाच आणि थोडा ओघळ सहा महिने थांबून पाहायचे, कारण व्रण तोवर सैल होत राहतो. नव्या पापणीला केस नसतील, हे आईला आधीच सांगून ठेवा. बायका आरशात पाहून पहिलं तेच विचारतात, आणि तो प्रश्न किरकोळ नाही.

घरची काळजी. पुलाच्या खालून पहिले काही आठवडे चिकट पाणी येत राहतं. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने आतून बाहेर हलकं पुसायचं, दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी नवा कापूस, पदराचं टोक नाही. सांगितलेलं मलम कडेच्या फटीतून. कातडीचे टाके पाच-सात दिवसांनी निघतात. दोन उशा घेऊन झोपायचं, त्या अंगावर वळायचं नाही. सोयाबीनची मळणी नेमकी याच दिवसांत येते आणि मळणी यंत्राचं भुसकट फार बारीक असतं, ते जखमेत गेलं की निघत नाही. आईला खळ्यापासून आणि चुलीच्या धुरापासून दूर ठेवा, बाहेर पडताना बाजूनेही झाकणारा चष्मा. दुसऱ्या टप्प्यानंतर तीन-चार आठवड्यांनी, जखम भरल्यावर, डॉक्टर सांगतील तसं व्हॅसलिन लावून बोटाने हलकी मालीश, वरच्या पापणीला वरून खाली, दिवसातून तीन-चार वेळा दोन-दोन मिनिटं, दोन-तीन महिने. हे कंटाळवाणं काम घरोघरी सुटतं आणि तिथेच पापणी आकसते.

खालच्या पापणीची गाठ असलेल्या इतर वाचकांसाठी थोडक्यात: तिथे उलटा प्रवास असतो. वरच्या पापणीच्या आतून टार्सस आणि आवरण खाली आणतात, १९३७ पासून ह्यूज यांच्या नावाने ही पद्धत चालते, आणि त्यावर कानामागची सुटी कातडी लावतात. चार ते सहा आठवड्यांनी तोडतात. आपल्या सावळ्या कातडीत बेसल सेल कर्करोग बऱ्याचदा काळा दिसतो, तीळ वाढला समजून लोक वर्षं घालवतात. नाकाकडच्या कोपऱ्यात गाठ असेल तर अश्रूंची नळी सोबत जाते. अर्धी उरली तर सिलिकॉनची नळी घालून ठेवतात, पूर्ण गेली तर नवी वाट लगेच करायची नाही, रोग परत येत नाही हे काही काळ पाहूनच. त्या कोपऱ्याची मोठी जागा कपाळाच्या कातडीने भरतात. ही कला आपल्याच मुलखातली, १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीतून उभं केल्याची हकीगत पुढच्याच वर्षी लंडनच्या मासिकात छापून आली.

मुंबईला जावं का? गाव कुठलं यापेक्षा तीन माणसं एकत्र मिळतात का ते पाहा: पापणीच्या शस्त्रक्रियेचं वेगळं शिक्षण घेतलेला नेत्रतज्ज्ञ, ही जात ओळखणारा पॅथॉलॉजिस्ट आणि कर्करोगतज्ज्ञ. छत्रपती संभाजीनगरला घाटी, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, आणि शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, तिथे आधी विचारा. मान सुजली असेल, रोग खोबणीकडे गेल्याची शंका असेल किंवा कर्करोग म्हणून काढलेली गाठ परत आली असेल तर मुंबईच्या टाटा हॉस्पिटलला जाणं योग्य. कुठेही जा, पहिल्या तपासणीच्या स्लाइडसोबत मेणाचा ब्लॉकही मागून घ्या, फेरतपासणी त्याच्यावरच होते. नुसता रिपोर्टचा कागद नेला तर परत गावी फेरी पडते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल भरती होण्याआधी विचारा, आणि दोन्ही टप्प्यांची मंजुरी कशी घ्यायची तेही तेव्हाच.

पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, किमान पाच वर्षं दाखवायचं. दर वेळी पापणी उलटून आतून पाहिली पाहिजे आणि मान चाचपली पाहिजे, नुसती टॉर्चने नजर टाकून पाठवलं तर थांबून सांगा. घरीही महिन्यातून एकदा कानासमोर आणि जबड्याखाली बोटं फिरवून बघा. डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी लिहून घेतल्याशिवाय हॉस्पिटलातून निघू नका: कड स्वच्छ आली की नाही, आत कूर्चा कुठली घातली, आणि डोळा उघडण्याची तारीख.